‘गुरखे येतात तेवढेच’

प्रश्न थोडक्यात असा: "मी गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यातली, एस.वाय.बी.ए.ला आहे. यंदा आम्हाला जगातल्या संस्कृती आणि सामाजिक प्रश्न असा पेपर होता. त्यातून मी काय शिकले यावर मनोगत लिहायचं आहे. मी लिहिलं की जगात खूप विविधता आहे, माणूस सगळीकडे सारखाच असतो आणि आपण सगळ्या संस्कृतींचा आदर करायला हवा. मॅडमनी ते परत दिलं आणि वर लाल शाईने लिहिलं, ‘यात तू कुठे आहेस?’ मी मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाही. आमच्याकडे बाहेरचं कोणी येत नाही, आंब्याच्या दिवसांत गुरखे येतात तेवढेच. मग मी स्वतःचं असं काय लिहू?"

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. मी एकतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात समाजशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. अशी मनोगतं पोत्याने वाचली. त्यातल्या निम्म्यांवरचं नाव झाकलं असतं तर कोणाचं कोणतं ते त्या मुलांनाही ओळखता आलं नसतं. तुझी तीन वाक्यं खोटी नाहीत. पण ती पेपर न शिकताही लिहिता आली असती, मॅडमचं म्हणणं एवढंच असावं.

तुझ्या पत्रात मात्र एक शब्द मला अडला. ‘तेवढेच’. त्याच्याकडे येतेच. आधी माझी एक चूक सांगते, म्हणजे तुला लिहायला धीर येईल.

नोकरीच्या पहिल्या सहा-सात वर्षांत मी वर्गात ‘एस्किमो’ शिकवायचे. फळ्यावर अर्धगोल काढायचा, त्याला एक बोगदा जोडायचा, बर्फाचं घर तयार. मग सीलची कातडी, कुत्र्यांची गाडी, झाला तास. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील बोटीवर होते, कॅनडाच्या बंदरांत जाऊन आलेले. तो म्हणाला, "मॅडम, पप्पा म्हणतात ते लोक लाकडाच्या घरात राहतात, आणि त्यांना एस्किमो म्हटलेलं आवडत नाही." वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. तेव्हा शोधायचं म्हणजे जिल्हा ग्रंथालयाच्या दोन-तीन फेऱ्या. कळलं ते असं की ही माणसं स्वतःला इनुइट म्हणतात. त्यांच्या भाषेत ‘इग्लू’ म्हणजे नुसतं घर, कसलंही. बर्फाच्या घरात हिवाळाभर राहायची पद्धत काही भागांतच होती. बाकी ठिकाणी तो शिकारीच्या वाटेवरचा तात्पुरता आसरा. म्हणजे एखाद्या परदेशी बाईने आपल्या भातशेतातलं राखणीचं खोपटं बघावं आणि तिकडे वर्गात सांगावं की कोकणी माणूस चार बांबूंवर राहतो, तसं मी सात वर्षं केलं होतं.

आणि याहून मोठी गोष्ट माझ्या धड्यात नव्हतीच. कॅनडात आदिवासींची आणि इनुइटांची मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत घातली गेली, तिथे त्यांना स्वतःची भाषा बोलू दिली नाही. २००८ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून त्याची माफी मागितली. मी शिकवलेल्या एस्किमोंना घर होतं, कपडे होते, जेवण होतं, तक्रार मात्र एकही नव्हती. त्या मुलाला मी पुढे कधी काही बोलले नाही. ते राहूनच गेलं.

तर पहिलं काम हे. वर्षाच्या सुरुवातीला तू कोणाबद्दल काय धरून बसली होतीस आणि ते कुठे चुकलं, ते आठव. एक सापडलं तरी पुरे. ‘मला वाटायचं’ या दोन शब्दांनी सुरुवात झाली की तू आपोआप त्या पानावर येतेस.

आता गुरखे.

दहा-बारा वर्षांपूर्वी राजापूरकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती, बागायतदाराच्या घरातली. तिने पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांवर तीन पानं लिहून आणली. साधी माणसं, निसर्गाच्या जवळ, कमी गरजा, म्हणून आनंदी. मी तिला विचारलं, "तुमच्या बागेत राखणीला कोण आहे?"

"गुरखा आहे."

"नाव काय त्याचं?"

"बहादूर."

"ते हाक मारायचं झालं. नाव काय?"

ती हसली. हा काय प्रश्न झाला, असं तिला वाटलं असावं. मी तिला म्हटलं, मसाई राहू देत, शनिवारी घरी जाशील तेव्हा एवढं विचारून ये.

सोमवारी ती आली ती मधल्या सुट्टीत थेट स्टाफरूममध्ये. तो माणूस चार वर्षं त्यांच्याकडे येत होता. ऑक्टोबरात यायचं, बेणणी, फवारणी, मोहोर आल्यापासून राखण, वानरं हाकलणं, झेल्याने आंबा उतरवणं, पेट्या भरणं आणि मिरगाच्या आधी परत. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्यात ‘बहादूर’ कुठेही नव्हतं. त्याच्या आधीच्या माणसाचं नाव बहादूर होतं, म्हणून हाही बहादूर. तो गुरखाही नव्हता. गुरखा हा शब्द गोरखा या नेपाळातल्या जागेवरून आलेला. पलटणीमुळे तो जगभर झाला आणि आपल्याकडे राखणदाराला चिकटला. हा थारू होता, कैलाली जिल्ह्यातला. ते तराईत येतं, नेपाळच्या सपाट पट्ट्यात. तिने विचारलं होतं, "तुमच्याकडे बर्फ खूप पडतो का?" तो म्हणाला, "बर्फ नाही. भात होतो, तुमच्यासारखाच."

हे उत्तर तिला फार लागलं. चार वर्षं तो भातवाला माणूस त्यांच्या पडवीला येऊन बसत होता आणि तिच्या डोक्यात तो हिमालयातून उतरलेला होता.

पुढच्या दोन-तीन शनिवारी ती आईला घेऊन गेली, त्याची बायको थोडं बोलायला लागली, आणि हळूहळू कळलं की त्याचे वडील कमैया होते. हा शब्द तुझ्या पुस्तकात नसेल. पश्चिम नेपाळच्या तराईत थारू कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराकडे कर्जापोटी राबत, त्यांना कमैया म्हणत. कर्जाला सौंकी. बाप फेडू शकला नाही तर ती मुलाच्या डोक्यावर. दरवर्षी माघी सणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास, पुढच्या वर्षाचा करार व्हायचा. मालक बदलायचा असेल तर नव्या मालकाने जुन्याची सौंकी फेडायची आणि माणूस घेऊन जायचा. आपण तिळगूळ वाटत असतो त्याच दिवसांत तिकडे ही बोलणी चालत. १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने कमैया मुक्त झाल्याचं जाहीर केलं, कर्जं रद्द केली. पण मुक्त झालेल्यांना उद्या कुठे झोपायचं याचं उत्तर त्या घोषणेत नव्हतं. ऐन पावसाळ्यात कित्येक कुटुंबं मालकाच्या जागेतून बाहेर पडली, ठरलेली जमीन मिळायला वर्षं लागली, लोक शिबिरांत राहिले. मग मुलगे कामाला सरहद्दीच्या अलीकडे आले. भारत-नेपाळ यांच्यात १९५० चा करार आहे, सरहद्द उघडी आहे, त्यामुळे पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. त्यातला एक राजापुरात कलमाखाली येऊन पोचला.

त्या मुलीच्या मनोगतातला एक परिच्छेद मला अजून जवळजवळ शब्दशः आठवतो. ‘माझे बाबा जमीनदार नाहीत. ते त्याचे पैसे बुडवत नाहीत, औषधपाणी बघतात. पण ऑक्टोबरात तो येतो तेव्हा बाबा त्याला उचल देतात. उचल आणि सौंकी हे दोन शब्द माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेत आणि उठत नाहीत.’

मी तिला तेव्हा एक गोष्ट सांगितली आणि तुलाही सांगते. दोन गोष्टी शेजारी बसल्या म्हणून त्या एक होत नाहीत. तिच्या बागेतला माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या बागेत जाऊ शकत होता, पावसाळ्यात घरी जात होता, उचल त्याच्या मुलाच्या नावावर चढत नव्हती. हा फरक लहान नाही. फरक नीट मांडला तरच साम्याला वजन येतं. घाईघाईने ‘म्हणजे सगळीकडे शोषण आहेच’ असं लिहून मोकळं होणं हे ‘माणूस सगळीकडे सारखाच’ याच्याच जातीचं वाक्य.

पण तिचं मनोगत इथे संपलं नाही, आणि म्हणूनच मी त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. तिने आजोबांना विचारलं. तेव्हा बाहेर आलं की तिचे पणजोबा खोताचे कूळ होते. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार. पिकातला वाटा खोताच्या घरी पोचवायचा, बोलावणं आलं की बिनपैशाचं राबायचं. खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी अलिबाग तालुक्यात १९३३ पासून सुमारे सहा वर्षं जमिनी न कसण्याचा संप केला, त्याचं नेतृत्व नारायण नागू पाटलांचं. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. हे सगळं तिने दहावीपर्यंत कधीतरी वाचलं होतं. पण पणजोबा ज्या खोताच्या अंगणात उभे राहायचे तिथून ते आपल्या अंगणात उभ्या असलेल्या थारू माणसापर्यंत अशी सरळ रेघ जाते, हे तिला पहिल्यांदा दिसलं. त्यासाठी कैलालीहून माणूस यावा लागला.

तुझ्याकडे येणारे थारूच असतील असं नाही. मगर असतील, तामाङ असतील, आणखी कोणी असतील. त्यांची गोष्ट वेगळी असेल. बंदरावर गेलीस तर तिथेही बोटींवर नेपाळी खलाशी दिसतील. ज्यांच्या देशाला समुद्रच नाही ती माणसं आपल्या समुद्रात जाळी ओढतात. यावर कधी विचार केलायस?

विचारायला जाशील तेव्हा थोडं भान ठेव. एकटी जाऊ नकोस, आई किंवा काकू बरोबर असली तर त्यांच्या घरातली बाई बोलते. संध्याकाळी, चूल पेटायच्या आधीची वेळ बरी. मोबाईल पिशवीत ठेव. तू खुर्चीत आणि ते उभे असं करू नकोस, पायरीवर बस. पहिला प्रश्न पगाराचा विचारलास की ते मालकाने पाठवलंय असं धरतील आणि पुढची सगळी उत्तरं ‘ठीक आहे’ अशी येतील. मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न साधा आहे, "आत्ता तुमच्या घरी काय चाललं असेल?" त्यावर माणूस दहा मिनिटं बोलतो. आणि नुसतं विचारू नकोस, तुझंही सांग. त्या मुलीने पितृपक्षातल्या काकघासाचं सांगितलं तेव्हा त्या बाईने तिहारबद्दल सांगितलं. दिवाळीच्या सुमाराचा त्यांच्याकडचा सण, त्यात एक दिवस कावळ्याचा आणि दुसरा कुत्र्याचा. कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. हे घरी सांगितल्यावर आजी दोन दिवस तोच विषय घेऊन बसली होती. कावळा येईना म्हणून ताटकळत बसणाऱ्या घरांना हे लगेच कळतं.

मुलं बरोबर आणलेली असतील तर शाळेचं विचार. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. वाडीतल्या शाळेत पट कमी म्हणून रडारड चाललेली असते आणि शंभर पावलांवर बागेत तीन मुलं दिवसभर बेचकी घेऊन वानरांमागे फिरत असतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण कायदा शिकवायला जाऊ नकोस. आधी ऐक.

आणि ‘बिचारे’ हा शब्द लिहू नकोस. ‘त्यांच्याकडे पाहून आपण किती नशीबवान आहोत हे कळलं’ हे वाक्य तर मी वर्षानुवर्षं लाल शाईने खोडलंय. त्या वाक्यात दुसऱ्याचं आयुष्य आपल्या समाधानासाठी वापरलेलं असतं.

आता दुसरी बाजू. जगाबद्दल शिकताना आपली मुलं दोन टोकांना जातात. एक तर आपलंच थोर, नाहीतर तिकडचं सगळं भारी. जपानचं तसं होतं. स्वच्छता, शिस्त, वेळेवर गाड्या, शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात. खरंच आहे ते. चिपळूणकडचा एक मुलगा जपानवर असंच भारावून लिहून आला. मी त्याला एक शब्द दिला, ‘बुराकुमिन’, आणि म्हटलं याच्यावर वाचून ये.

जपानमध्ये जनावरं कापणं, कातडं कमावणं, मेलेल्यांची कामं करणं असले धंदे ज्यांच्याकडे होते त्यांना वेगळ्या वस्त्यांत ठेवत. १८७१ मध्ये सरकारने हा भेद कायद्याने संपवला. पुढे त्या माणसांना बुराकुमिन म्हणू लागले. बुराकु म्हणजे काय? वस्ती. पाडा. आपल्या भाषेत सरळ वाडी. बुराकुमिन म्हणजे ‘वाडीतले लोक’. दिसायला, बोलायला, देवाधर्माला इतर जपान्यांसारखेच. मग ओळखायचे कसे? पत्त्यावरून. १९७५ मध्ये असं उघडकीला आलं की अशा वस्त्यांच्या नावांची यादी पुस्तकासारखी छापून गुपचूप विकली जात होती आणि मोठमोठ्या कंपन्या ती विकत घेत होत्या. नोकरीला अर्ज आला की उमेदवाराचं गाव यादीत आहे का ते बघायचं.

तो मुलगा हे वाचून आला आणि गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे यादी लागतच नाही." एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो. गाव सांगितलं की त्याचं समाधान होत नाही. "कुठली वाडी?" हा पुढचा प्रश्न. कुणबीवाडी, भंडारवाडी, तेलीवाडी, सुतारवाडी, बौद्धवाडी, बामणवाडी. उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित हलतो, सैल होतो किंवा आवळतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या काही ठिकाणी बदलल्याही. पत्ता सांगताना मात्र रिक्षावाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळे जुनंच नाव घेतात. त्या मुलाने मनोगताची सुरुवातच ‘कुठली वाडी?’ या प्रश्नाने केली, आणि जपान त्यात दुसऱ्या पानावर आला.

इथेही फरक आहेच. आपल्याकडे पायऱ्या अनेक, प्रत्येकाच्या खाली कोणीतरी, वर धर्मग्रंथांचा आधार. जपानात एक रेघ, अलीकडचे आणि पलीकडचे. पण मला एक गोष्ट फार आवडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बुराकुमिनांनी १९२२ च्या मार्चमध्ये क्योटोला आपली संघटना काढली, तिचं नाव सुइहेइशा. समपातळीवाल्यांची संघटना. पातळी या अर्थाचा तो जपानी शब्द दोन अक्षरांचा आहे, पहिलं अक्षर ‘पाणी’ आणि दुसरं ‘सपाट’. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्यावर लोक पाण्यालाच हात लावायला गेले. या दोघांचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही. महाड तुझ्यापासून काही तासांवर आहे, एवढंच.

असे दुवे जाणूनबुजून जोडणारेही आपल्याकडे होऊन गेले. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे जायच्या अर्जाची प्रत मागितली होती. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ‘जगाचा अभ्यास’ ही आपल्याकडे पेपरपुरती आलेली गोष्ट नाही.

तू लिहिलंस, ‘सगळ्या संस्कृतींचा आदर करायला हवा’. या वाक्याशी माझं जरा भांडण आहे. कोणाच्या बाजूने आदर? थारूंमध्येच मुलींना लहानपणी दुसऱ्यांच्या घरी राबायला पाठवायची कमलरी प्रथा होती. त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्या स्वतः त्यातून सुटलेल्या थारू मुली, आणि २०१३ मध्ये सरकारला ती प्रथा संपल्याचं जाहीर करावं लागलं. आता थारू संस्कृतीचा आदर म्हणजे प्रथेचा की त्या मुलींचा? लांब कशाला, आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचं बघ. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या वर्षी कोणी परदेशी विद्यार्थी कोकणात आला असता आणि ‘इथल्या संस्कृतीचा मी आदर करतो’ असं लिहून गेला असता, तर ते कर्व्यांच्या बाजूने झालं असतं की बहिष्कार घालणाऱ्यांच्या? दोघेही कोकणातलेच. प्रत्येक गावात अशी भांडणं चालू असतात. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाहीत, त्याला सण दिसतात आणि लुगडी दिसतात. गॅदरिंगला आपण ‘विविध देशांचे पोशाख’ करतो ना, तसं.

बाहेरचं कोणी येत नाही असं तू म्हणतेस, पण बाहेर गेलेले किती आहेत ते मोजलंस का? दाभोळच्या खाडीपट्ट्यातली एक मुलगी होती, कोकणी मुसलमान कुटुंबातली. तिला वाटायचं आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, अब्बा कुवेतला ड्रायव्हर, बस. मग माळ्यावरच्या ट्रंकेत तिला कॅसेटी सापडल्या. फोन नव्हते तेव्हा तिचे आजोबा सौदीत होते. पत्र लिहिणं त्यांना जमायचं नाही, म्हणून टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट गावी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायचे. टेप जुना, आवाज चिरका. त्यात आजोबा विचारत होते, विहिरीला पाणी किती आहे, फणस लागला का, धाकटी चालायला लागली का. ती धाकटी म्हणजे तिची आत्या. कॅसेटच्या एका बाजूला शेवटी ते म्हणतात, कफील पासपोर्ट देत नाही, ईदला येणं व्हायचं नाही. कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक. आखाती देशांतल्या या कफाला पद्धतीवर तिने वर्गात टिपणं काढली होती, कामगार मालकाला बांधलेला कसा असतो, कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाची परवानगी लागण्याची अट कशी काढली. परीक्षेत लिहिलंही असेल. पण तो शब्द आजोबांच्या तोंडून ऐकल्यावर तिने टेप बंद केला आणि बाहेर जाऊन बसली, असं तिने लिहिलं. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि खाडीकाठची घरंच्या घरं तिकडे गेली. त्याआधी हीच माणसं मुंबईला गिरणीत नाहीतर बोटीवर. तुमच्या वाडीतला चाकरमानी आणि तिचे आजोबा यांच्यात समुद्राच्या रुंदीचाच काय तो फरक. बरं, पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात असणं हा फरकही लहान नाही, तो धर.

आणखीही पुष्कळ आहे, सगळं सांगत बसत नाही. मॉरिशसला उसाच्या मळ्यांत करारावर गेलेल्यांत कोकणातली माणसं होती, तिथे आजही गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि आपल्या जाखडी नाचाला ते झाकरी म्हणतात. अलिबागेत इस्राएल आळी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गाव शनिवार तेली म्हणायचं, ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मराठीच बोलत इस्राएलला गेले, आणि तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना लग्नासाठी आपण खरे ज्यू आहोत हे दाखवा असं सांगण्यात आलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीत तीस वर्षं नजरकैदेत राहून १९१६ मध्ये इथेच गेला. आपला बहादूरशहा इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवला आणि त्यांचा थिबा इकडे आणला. सहलीला थिबा पॅलेसच्या गच्चीवर सगळे फोटो काढतात, तूही काढला असशील. पण ही यादी मनोगतात उतरवू नकोस. यादी केलीस की पुन्हा तू त्यात नाहीस.

लिहिताना एकच प्रसंग घे आणि त्याच्याजवळ थांब. माणूस कुठे बसला होता, काय म्हणाला, तुला तेव्हा काय वाटलं. आधी काय समजत होतीस आणि त्यातलं काय सरकलं, तेवढं सांग. वर्गात शिकलेलं तिथे आपसूक येऊ दे, पुस्तकातले उतारे डकवू नकोस. जे अजून कळलेलं नाही ते ‘कळलेलं नाही’ म्हणून लिही, त्याचे गुण कापत नाहीत, निदान मी कधी कापले नाहीत. माणसांची खरी नावं आणि बागेचा पत्ता लिहू नकोस, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंस त्याला शक्य झालं तर वाचून दाखव. त्या राजापूरच्या मुलीने हिंदीत करून वाचून दाखवलं होतं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली, भाताच्या जातीचं नाव चुकलं होतं.

घरचे कुरकुरतील, ते धरून चाल. ‘गुरख्याशी काय एवढं बोलायचं’ हे कोणीतरी म्हणेलच. तेही मनोगतात येऊ शकतं, पण वडिलांना खलनायक करू नकोस. बागायत म्हणजे काय जुगार आहे ते तुलाही माहीत आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे एका दुपारी पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. मोहोर गेला की उचल कोणाची आणि कर्ज कोणाचं, हा हिशोब मालकालाही झोपू देत नाही.

मनोगत कधी द्यायचं ते तू लिहिलं नाहीस. एप्रिल चालू आहे, म्हणजे तुमच्याकडे तोडणीची गडबड असेल. दिवसा कोणाला वेळ नसणार. शेवटच्या पेट्या मुंबईला रवाना झाल्या की आठ-दहा दिवस जरा निवांतपणा असतो, बोचकी बांधायला घेतात, हिशोब होतो. तेव्हा जा. मिरगाच्या आधी ते निघतील, आणि मग नाव विचारायला ऑक्टोबर उजाडेल.